शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं भोसरीत बेअरिंगं मोजली.
दोन मायक्रॉनचा फरक आधी बोटांना कळायचा,
मग गेजला.
आता माझ्याच कमरेतला चौथा आणि पाचवा मणका
कुठल्या टॉलरन्समध्ये बसतो
ते कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टर मुथ्थांनी एमआरआय खिडकीकडे धरला,
चार मिनिटं बोलले, त्यातली दोन फोनवर.
"वयाच्या मानाने ठीक आहे."
डाव्या पोटरीपर्यंत जी तार जळत जाते
तिला माझं वय कुणी सांगितलं?

मग सुरू झालं.
माझा विश्वास नाही हं,
हे मी प्रत्येक दारात चपला काढता काढता सांगितलं,
जसं कुणी सांगतं, चहात साखर नको.

नाना पेठेत जळवा.
वैद्याने बरणीतून एक काढून लावली,
तिने हुंगलं आणि उलटी फिरली.
दुसरीही.
"रक्त फार गरम आहे तुमचं," तो म्हणाला.
"का त्यांनाही पुरावा हवाय?" मी म्हटलं.
तीनशे रुपये तरी घेतलेच.

बिबवेवाडीचा चुंबकाचा पट्टा दहा दिवस बांधला.
त्याला सेफ्टीपिना चिकटल्या, कपाटाची किल्ली,
रिक्षावाल्याने परत दिलेलं दोन रुपयांचं नाणं.
दुखणं नाही चिकटलं.

वहीत सगळं लिहीत होते. सवय.
तारीख, उपचार, आधी किती, नंतर किती.
दहापैकी सात. सात. पुन्हा सात.
एकदा साडेसहा, पण त्या दिवशी भाची आली होती,
ते धरायचं नाही.

साचापीर स्ट्रीटवर नौशेरकाका सुया टोचतात.
पाकिटावरची मुदत मी दोनदा वाचली, जाडी विचारली.
"पाव मिलिमीटर," त्यांनी न चिडता सांगितलं.
मग त्यांनी विचारलं,
कुठल्या कुशीवर झोपता? उशा किती?
रात्री जाग आली की काय करता?
काय करते मी?
ओट्यापाशी उभी राहते. फ्रिजची घरघर ऐकते.
हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं.
सात. सहा. सहा.
"प्लासिबो," मी म्हटलं.
"असेल बाई," ते म्हणाले, "डावा पाय सैल सोडा."

मग तो बुधवार.
दाराला कुलूप, खडूने लिहिलेलं:
मेव्हणी गेली, शुक्रवारी या.
पायरीवर मुमताज शिकलगार,
गोठलेला खांदा घेऊन घोरपडीहून दोन बस बदलून आलेल्या.
लगेच परत फिरायचं तर त्यांना त्राण नव्हतं,
मला कारण नव्हतं.
त्या सांगत होत्या, केस बांधायला मला सून लागते,
सुनेला पोरगं सांभाळायला मी,
म्हणजे फिट्टंफाट.
मी बोटाने दाखवलं, तार कुठून निघते, कुठे वळते.
"हां, वळतेच ना ती!" त्या म्हणाल्या,
"माझी इथे, दंडाखाली."
कोपऱ्यावरून पाव किलो खारी आणली,
पदरभर चुरा झाला.
पाऊण तास.

उठताना हात भिंतीला लागला नाही.
हे लक्षात आलं तेव्हा मी रस्ता ओलांडला होता.

घरी वही उघडली.
आधी सात, नंतर चार.
उपचार?
'कुलूप' लिहिलं. खोडलं.
'खारी' लिहिलं. तेही खोडलं.

रात्री दोनला तार पेटली. पेटणारच होती.
ओटा. फ्रिज.
भोसरीत कधी कधी असा माल यायचा,
मापात चुकलेला, तरी मशिनीत बसणारा, फिरणारा.
तेव्हा साहेबांची सही घेऊन आम्ही लिहायचो:
डेव्हिएशनवर पास.
शेऱ्याच्या रकान्यात मी तेच लिहिलं.
साहेब नव्हते, सही माझीच केली.

खाली पेन्सिलीने:
शुक्रवारी मुमताजबाई अकराच्या, मी बाराची.
साडेदहाला पोचायचं.